क्लोझिंगच्या आधी फायनल वॉक-थ्रू: परत घर बघायला जायचंच का?

मुग्धा_जर्सी

नमस्कार मंडळी. गेली कित्येक वर्षं इथे नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आम्ही न्यू जर्सीत सॉमरसेट काउंटीत घर घेतोय. नऊ वर्षं एडिसनच्या अपार्टमेंटमध्ये काढली, तिसरा मजला, लिफ्ट नाही, दोन मुलं आणि कॉस्टकोच्या पिशव्या, शेवटी एकदाचं ठरवलं. १९७८ साली बांधलेलं कलोनियल आहे, चार बेडरूम, बेसमेंट अर्धं फिनिश केलेलं. येत्या गुरुवारी सकाळी ११ वाजता अटर्नीच्या (वकिलाच्या) ऑफिसात क्लोझिंग आहे, म्हणजे शेवटच्या सह्या, पैसे आणि किल्ली.

तर आता एजंट म्हणते बुधवारी संध्याकाळी ६ ला फायनल वॉक-थ्रू, म्हणजे सह्यांच्या आधी घरातून शेवटची फेरी, करून टाकू, अर्ध्या तासाचं काम आहे. नवरा म्हणतो कशाला? सप्टेंबरात इन्स्पेक्शन झालं, साडेसहाशे डॉलर मोजले, पंचावन्न पानी रिपोर्ट आला, आता परत काय बघायचंय, भिंती काय पळून जाणारेत का. त्याचं त्याच आठवड्यात ऑफिसात रिलीज आहे त्यामुळे तो तसाही वैतागलेला आहे.

आणि खरं सांगायचं तर मलाही अवघड वाटतंय. घर विकणारे आजी-आजोबा आहेत, सत्तरीच्या पुढचे, बुधवारी सकाळी सामान हलवून फ्लोरिडाला मुलीजवळ राहायला चाललेत. इतके गोड आहेत ना, आजींनी मला परसातले गुलाब कधी छाटायचे ते एका कागदावर लिहून दिलंय. अशा माणसांच्या घरात जाऊन नळ सोडून बघायचे, कपाटं उघडायची, म्हणजे आमचा तुमच्यावर विश्वास नाही असंच झालं की. बाबांना साताऱ्याला फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, अगं म्हैस घेताना सुद्धा दावं हातात घ्यायच्या आधी एकदा धार काढून बघतात, तू तर घर घेत्येस.

इन्स्पेक्शननंतर तीन गोष्टी त्यांनी करून द्यायचं ठरलंय. वरच्या बाथरूमच्या सिंकखालची गळती, गॅरेजच्या दाराचा सेन्सर, आणि रेडॉन (जमिनीतून घरात येणारा किरणोत्सारी वायू) ५.८ आला होता म्हणून तो बाहेर काढणारी मिटिगेशन सिस्टिम. तिन्ही झाल्या असा निरोप आलाय.

मग प्रश्न असे की १) जायचंच का २) गेलो तर नक्की काय बघायचं ३) समजा काही सापडलं तर आदल्या दिवशी आपण करणार काय, सगळं पॅक झालंय, अपार्टमेंटची नोटीस देऊन झालीये.

रारिटनकाठी

जा. डोळे झाकून जा असं म्हणणार होतो पण डोळे उघडे ठेवून जा.

आमची गोष्ट सांगतो. आमचं क्लोझिंग होतं शुक्रवारी, ३ सप्टेंबर २०२१. बायकोला मंगळवारीच सुट्टी मिळत होती म्हणून ३१ ऑगस्टला वॉक-थ्रू उरकून घेतला. सगळं छान, घर रिकामं, चकाचक झाडलेलं, सेलर आधीच टेक्ससला गेलेले. आणि बुधवारी रात्री इडा वादळ आलं. तुम्ही जर्सीत असाल तर ती रात्र आठवत असेलच, मॅनव्हिल आणि बाउंड ब्रूकचे फोटो सगळीकडे फिरत होते. घर नदीपासून लांब, चढावर, त्यामुळे आम्ही निवांत होतो. गुरुवारी दुपारी अटर्नीचा फोन, म्हणाला मंगळवारचा वॉक-थ्रू विसरा, आज परत जाऊन या. मी म्हटलं अहो कालपर्यंत सगळं ठीक होतं, तो म्हणाला कालपर्यंत पाऊसही नव्हता.

गेलो तर बेसमेंटच्या शेवटच्या तीन पायऱ्या पाण्यात. रात्री लाइट गेले, संप पंप (बेसमेंटमध्ये साचणारं पाणी बाहेर फेकणारा) बंद पडला, घरात माणूस नाही, पाणी चढत गेलं. फर्नेस आणि वॉटर हीटर दोन्ही त्यात उभे. सेलरला पत्ताच नव्हता, त्यांना आम्ही काढलेले फोटो गेले तेव्हा कळलं.

पुढे काय झालं तर आमच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये लिहिलेलं होतं की क्लोझिंग होईपर्यंत घराला काही झालं तर ते सेलरच्या माथी. त्यामुळे पाणी काढणं, ड्रायवॉल कापणं, फर्नेस, हीटर सगळं त्यांनी केलं. साध्या होमओनर्स पॉलिसीत पुराचं पाणी धरत नाहीत, त्यांच्याकडे वेगळी फ्लड पॉलिसी नव्हती, म्हणजे सगळा खर्च खिशातून. वाईट वाटलं त्यांच्यासाठी, खोटं नाही बोलणार. वर डिझास्टर डिक्लेअर झालेला असल्यामुळे आमच्या लेंडरनेही परत माणूस पाठवून घर तपासलं. क्लोझिंग साडेतीन आठवडे पुढे गेलं, तेवढे दिवस आम्ही मेव्हण्याच्या घरी हॉलमध्ये गाद्या टाकून.

आता विचार करा, अटर्नीने फोन केला नसता आणि शुक्रवारी आम्ही सह्या करून मग किल्ली घेऊन गेलो असतो तर ते पाणी कुणाचं? आमचं.

म्हणून वॉक-थ्रू जितका क्लोझिंगला चिकटून तितका बरा. चोवीस तासांच्या आतला म्हणतात ते उगाच नाही.

डॅलसचा_पक्या

आम्ही २००९ ला घर घेतलं, फोरक्लोझरचं (कर्ज थकलं म्हणून बँकेने घेतलेलं), बँकेकडून ॲज इज, म्हणजे आहे तसं. वॉक-थ्रू बिक्थ्रू काही केला नाही, सह्या केल्या किल्ली घेतली. आजपर्यंत काही झालं नाही. उगाच घाबरवता राव नवीन लोकांना. एजंट लोकांचं एक नाटक असतं ते.

खवचट_काकू

पक्या, एकदा पेटी न उघडता घेतलेला आंबा गोड निघाला म्हणून काय दरवर्षी बाजारात डोळे मिटून जायचं का? तुमचं नशीब तुमच्यापाशी ठेवा, मुग्धाला तिचे नळ बघू द्या.

तीन_घरं_झाली

मुग्धा, अगं आधी वेळ बदल. बुधवारी संध्याकाळी ६ म्हणजे मिट्ट काळोख. परवाच्या रविवारी घड्याळं मागे गेलीत, पावणेपाचला सूर्य मावळतोय. रिकाम्या घरात दिवे किती असतात तुला माहितीये ना इथे, बेडरूमला छताला दिवाच नसतो, लॅम्प सगळे सेलरच्या ट्रकमधून गेलेले. त्या अंधारात फोनचा टॉर्च मारत तू छत बघणार की अंगण? दुपारी जा, मूव्हर्स गेल्यावर. ट्रक जायच्या आधी गेलीस तर अर्धं घर खोक्यांनी झाकलेलं असतं आणि खरं नुकसान तर सामान ओढताना होतं, हार्डवूडवर फ्रिजच्या चाकांचे ओरखडे, जिन्याच्या वळणावर भिंतीला खोक. आमच्या दुसऱ्या घरात त्यांनी पियानो काढताना दाराची चौकट फोडली होती, पियानो जाताना कुणी बघितलं नाही, चौकट आम्ही बघितली.

नवऱ्याला सांग की हे इन्स्पेक्शन नाहीच. इन्स्पेक्टर सांगतो घर कसं आहे. वॉक-थ्रूला तू बघत्येस की ते घर अजून तसंच आहे का, ठरलेली कामं झाली का, ठरलेल्या वस्तू जागेवर आहेत का आणि नको असलेलं सामान गेलंय का. बस. नवीन खुसपटं काढायला ती वेळ नसते, म्हणजे खिडक्या जुन्या आहेत हे तुला सप्टेंबरात माहीत होतं, ते आता नाही काढायचं.

काय न्यायचं तर कॉन्ट्रॅक्टची कॉपी (त्यात इन्क्लुजन्सची यादी असते, फ्रिज वॉशर ड्रायर पडद्याचे रॉड जे काय असेल ते), इन्स्पेक्शननंतरचं रिपेअरचं पत्र, फोनचा चार्जर, एक छोटा टॉर्च, आणि हो, बादली. बादलीचं सांगते पुढे.

पाण्यापासून सुरू कर. वरचे सगळे नळ एकदम सोड, गरम पाणी येतंय का आणि किती वेळात येतंय ते बघ, मग सगळे टॉयलेट फ्लश कर आणि खाली येऊन वरच्या बाथरूमच्या बरोबर खालचं छत बघ. पाच मिनिटं तरी पाणी वाहू दे, गळती एका मिनिटात दिसत नाही. सिंकखालचं कपाट उघडून पाइपावरून कोरडा टिश्यू फिरव, ओलं असेल तर टिश्यू लगेच सांगतो. डिशवॉशर आणि वॉशर आल्या आल्या छोट्या सायकलवर लावून टाक, बाकीचं बघेपर्यंत ते फिरून होतात. ओव्हन, चारही बर्नर, मायक्रोवेव्ह. थर्मोस्टॅट वाढवून हीटिंग चालू होतंय का आणि प्रत्येक खोलीतल्या व्हेंटमधून गरम हवा येत्ये का ते हात धरून बघ. एसी मात्र थंडीत लावू नकोस, बाहेर साठ फॅरनहाइटच्या खाली असेल तर कॉम्प्रेसरला त्रास होतो, आमच्या एजंटनेच उत्साहात लावला होता.

चार्जर प्रत्येक सॉकेटला, बाथरूम किचनच्या सॉकेटवरचं टेस्ट बटण दाबून लाइन तुटते का बघ. गॅरेजचं दार रिमोटने उघड, आणि सेन्सरचं काम झालंय म्हणतात ना, मग दार खाली येत असताना सेन्सरसमोर झाडू आडवा धर, दार परत वर गेलं पाहिजे. रिमोट किती होते ते मोज, एक नेहमी त्यांच्या गाडीत राहून फ्लोरिडाला जातो.

आता बादली. बेसमेंटमध्ये संप पंप असेल तर बादलीभर पाणी त्या खड्ड्यात हळूहळू ओत, फ्लोट वर आला की पंप सुरू झाला पाहिजे आणि पाणी बाहेर गेलं पाहिजे. रारिटनकाठी यांची गोष्ट वाचल्यावर वेगळं सांगायला नको.

आणि रेडॉन. मिटिगेशनचा जो पांढरा पाइप बेसमेंटमधून वर जातो त्यावर एक यू आकाराची छोटी नळी असते, त्यात रंगीत पाणी. दोन्ही बाजूंचं पाणी एका पातळीत असेल तर फॅन बंद आहे असं समज. एक बाजू वर एक खाली असेल तर चालू आहे. पण चालू आहे म्हणजे रेडॉन कमी झाला असं नाही, त्याचा बसवल्यानंतरचा टेस्ट रिपोर्ट माग, चारच्या खाली आला पाहिजे. तिन्ही कामांच्या पावत्या पण माग, "झालं" असा निरोप म्हणजे काम नव्हे.

शेवटचं, गॅस लाइट पाणी क्लोझिंगपर्यंत चालू ठेवा असं अटर्नीकडून त्यांना आत्ताच कळव. काही लोक सामान गेलं की त्याच दिवशी मीटर बंद करतात, मग तू बघणार काय, आणि थंडीत बंद घरात हीटिंग नसेल तर पाइप गोठून फुटतात ते वेगळंच.

मुग्धा_जर्सी

बापरे. रारिटनकाठी, वाचून पोटात गोळा आला. तीन_घरं_झाली, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून फ्रिजला लावलाय, म्हणजे फ्रिज रिकामा करायचा आहे पण तोवर. एजंटला दुपारी दीडची वेळ मागितलीये. नवरा बादलीवर हसला. बघू.

कोथरूडकर

इकडचं सांगू का, विषय थोडा बाजूला जाईल. आपल्याकडे याला वेगळं नावच नाही, आपण "ताबा घेतला" म्हणतो आणि पेढे वाटतो. मी दोन वर्षांपूर्वी कोथरूडला रिसेलचा टू बीएचके घेतला. आपल्याकडे क्रम उलटा, रजिस्ट्रेशनच्या दिवशी बँकेचा डीडी समोरच्याच्या हातात, आणि किल्ली मिळणार महिन्याभराने त्यांचं नवीन घर लागल्यावर. म्हणजे पैसे देऊन बसल्यावर आपण विनंती अर्ज घेऊन उभे.

किल्ली मिळाली, दार उघडलं, तर पंखे नाहीत. ठीक आहे, पंखे नेतातच. गिझर नाहीत. ट्यूबलाइट नाहीत, होल्डरमधले बल्बसुद्धा नाहीत. किचनच्या सिंकचा नळ काढून तिथे प्लास्टिकचा नळ बसवलेला. बायको म्हणाली बरं झालं कडीकोयंडे ठेवले. करारात यातलं काहीच लिहिलेलं नव्हतं, "आहे तसा" एवढेच दोन शब्द. आणि सोसायटीची सात महिन्यांची मेंटेनन्स थकबाकी निघाली ती वेगळीच, कारण एनओसी घेताना सेक्रेटरीने ती पुढे भरतील म्हणून सोडून दिली होती. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो की थोडी रक्कम, पन्नास हजार का होईना, ताब्याच्या दिवसापर्यंत हातात ठेवा आणि काय काय राहणार त्याची यादी करारालाच जोडा.

नवीन बिल्डरच्या फ्लॅटला रेरामुळे जरा बरं आहे, ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष निघाला तर बिल्डरने तीस दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. पण तिथेही पझेशन लेटरवर "सर्व काही समाधानकारक" अशी सही मागतात. सही करायच्या आधी भोगवटा प्रमाणपत्र बघा, बाथरूममध्ये पाणी ओतून ते जाळीकडे जातंय की दाराकडे ते बघा, आणि टाइल्सवर नाणं वाजवत फिरा, पोकळ वाजली की खडूने फुली. माझ्या भावाच्या फ्लॅटमध्ये सेल्सवाल्या मुलीसमोर आमचे काका नाणं घेऊन अडीच तास बसून बसून सरकत होते, तिने शेवटी त्यांना खुर्ची दिली.

शांभवी_कोलंबस

माझं ऐक मुग्धा, मी तो न केलेल्यातली आहे.

आमच्या एजंटने सांगितलं सेलर फार चांगले आहेत, घर मी स्वतः बघून आलोय, तुम्ही लहान बाळ घेऊन कशाला चाळीस मिनिटं ड्राइव्ह करता. आम्ही बरं म्हटलं. क्लोझिंग, सह्या, फोटो, केक सगळं झालं. घरी गेलो तर बघताना जे फ्रंट लोड वॉशर ड्रायर होते ते गायब आणि त्यांच्या जागी कुठूनतरी आणलेली जुनी टॉप लोड जोडी, तिच्यातला ड्रायर तर चालूच होत नव्हता. सेलरचं म्हणणं, कॉन्ट्रॅक्टमध्ये "वॉशर आणि ड्रायर" लिहिलंय, दिलेत की वॉशर आणि ड्रायर. मॉडेल नंबर कुणी लिहिलेला नव्हता.

गॅरेजमध्ये गाडी जाईना एवढा पसारा, एक गादी, तुटका ट्रेडमिल, आणि रंगाचे डबे म्हणजे किती तर बावीस. ते कचऱ्यात टाकता येत नाहीत हेही तेव्हा कळलं, ऑइल पेंट घातक कचऱ्यात जातो त्यासाठी काउंटीचा ठरावीक दिवस, आणि लेटेक्स पेंट आधी वाळवायचा मग टाकायचा. मी त्या उन्हाळ्यात बाळ झोपलं की गॅरेजमध्ये रंग वाळवायला डब्यांत कॅट लिटर (मांजरासाठीची ओल शोषणारी माती) ओतत बसायचे.

वकिलाला विचारलं तर तो म्हणाला पत्र पाठवतो पण पत्राचे पैसे आणि पुढे कोर्टात गेलात तर ते पैसे, वॉशर तेवढ्याचा आहे का. नव्हता. सोडून दिलं. वरातीमागून घोडं.

तुझे आजी-आजोबा गोड असतील, असतीलच, पण गोड माणसं सुद्धा विसरतात. त्यांना सुद्धा बरं पडेल की कोणी नंतर फोन करणार नाही.

टायटलवाली

मी टायटल एजन्सीत, म्हणजे घराच्या मालकीचे कागद तपासणाऱ्या कंपनीत, काम करते (साउथ जर्सी, आमच्याकडे बरेच वेळा वकील नसतोच, आम्हीच क्लोझिंग करतो, नॉर्थकडे वकील असतात). मुग्धाचा तिसरा प्रश्न कुणी घेतला नाही म्हणून लिहिते. सल्ला म्हणून नको, टेबलाच्या या बाजूने काय दिसतं एवढंच.

काही सापडलं तर तीन रस्ते असतात. एक, सेलर क्रेडिट देतो, म्हणजे समजा चारशे डॉलरचं काम राहिलंय तर तेवढे त्यांच्या पैशातून वजा होऊन तुमच्या बाजूला येतात. लहान गोष्टींसाठी हाच रस्ता, दहा मिनिटांचं काम. दोन, एस्क्रो होल्डबॅक, म्हणजे सेलरच्या पैशातली काही रक्कम वकिलाकडे किंवा आमच्याकडे अडकवून ठेवायची, काम झालं पावती आली की सोडायची. किती दिवसांत आणि कुणी ठरवायचं ते लेखी पाहिजे, नाहीतर ते पैसे वर्षभर पडून राहतात आणि दोन्ही बाजू मला फोन करतात. तीन, क्लोझिंग पुढे ढकलणं. हे खरोखर मोठं काही असेल तरच, कारण तुमचा रेट लॉक (लोनचा बांधून घेतलेला व्याजदर) संपतो, सेलरचं पुढचं घर अडकतं, मूव्हरचे पैसे दोघांचे जातात.

लोकांना भीती असते की क्रेडिट घेतलं तर क्लोझिंग डिस्क्लोजर (लोन आणि खर्चाच्या अंतिम हिशोबाचा कागद) बदलणार आणि मग परत तीन दिवस थांबावं लागणार. २०१५ पासून तो कागद तीन बिझनेस दिवस आधी द्यावा लागतो हे खरं, पण तीन दिवस नव्याने मोजायला लागतात ते फक्त तीन गोष्टींसाठी: एपीआर (फी धरून लोनचा वार्षिक दर) मर्यादेबाहेर बदलला, लोनचा प्रकारच बदलला, किंवा प्रीपेमेंट पेनल्टी (लोन मुदतीआधी फेडल्याचा दंड) नव्याने घातली. सेलरच्या चारशे डॉलरच्या क्रेडिटने असं काही होत नाही. फक्त लेंडरला कळवायलाच लागतं, टेबलाखालून चेक घेऊ नका.

आणि शांभवीचं जे झालं त्याचं कारण असं की डीड (मालकीचा कागद) हातात पडलं की कॉन्ट्रॅक्टमधली बरीच वचनं त्या डीडमध्ये विरघळली असं कायदा समजतो, क्लोझिंगनंतरही टिकतील असं वेगळं लिहिलेलं असेल ती सोडून. त्यामुळे बुधवारी तुमच्याकडे जे बळ आहे ते गुरुवारी दुपारी नसतं. बुधवारी सेलरला पैसे हवे असतात. गुरुवारी दुपारी ते त्याच्या खात्यात असतात.

सापडलं तर सेलरशी स्वतः वाद घालू नका, फोटो काढा, तिथूनच वकिलाला पाठवा, दोन्हीकडचे वकील आपापसात बोलतात. जर्सीत आणखी एक, एक-दोन कुटुंबांच्या घराला विकताना स्मोक अलार्म आणि कार्बन मोनॉक्साइड अलार्मचं सर्टिफिकेट लागतं, ते सेलरने आणायचं. बघताना ते अलार्म जागेवर आहेत ना ते बघा, सर्टिफिकेट मिळाल्यावर अलार्म काढून नेणारे महाभाग मी पाहिलेत.

विषय नाही पण राहवत नाही, पैसे वायर करणार असाल तर ईमेलवर आलेल्या खात्याच्या नंबरवर सरळ पाठवू नका, आधीपासून तुमच्याकडे असलेल्या फोन नंबरवर फोन करून नंबर वाचून घ्या. वॉशर गेला तर वॉशर गेला, हे गेलं तर घरच गेलं.

डॅलसचा_पक्या

बरं बाई. शिकलो. डीड विरघळण्याचं माहीत नव्हतं.

मुग्धा_जर्सी

मंडळी, झालं एकदाचं. किल्ली हातात आहे आणि मी रिकाम्या किचनमध्ये उलट्या बादलीवर बसून टाइप करतेय.

काल दुपारी दीडला गेलो, नवरा "अर्धाच तास" म्हणत आला. ट्रक बाराला गेला होता. घर छान झाडलेलं, आजींनी ओट्यावर गुलाबांच्या कागदाची आणखी एक प्रत ठेवलेली, मला परत कसंतरी झालं. म्हटलं पाणी तर सोडू.

गॅरेजचं दार, झाडू धरला, वर गेलं. पास. हीटिंग पास. संप पंप, बादली नवऱ्यानेच ओतली, पंप घरघरला तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता, परत एकदा ओतली. मग रेडॉनच्या नळीपाशी गेलो तर दोन्ही बाजूंचं पाणी एका पातळीत. सरळ रेष. नवरा म्हणाला तुझ्या त्या ताईंनी सांगितलेलं उलटं तर नाही ना. आम्ही पाइपाच्या मागे मागे बाहेर गेलो तर बाहेरच्या भिंतीवर फॅनचा स्विच, तो बंद. मूव्हर्सपैकी कुणीतरी बाहेरचा दिवा समजून बंद केला असणार. लावला, नळीतलं पाणी एका बाजूने टुणकन वर. नंतरचा टेस्ट रिपोर्टही मागवला, १.३. कुणी सांगितलं नसतं तर आम्ही तो बंद फॅन घेऊन वर्षभर राहिलो असतो.

आता खरी गंमत. वरच्या बाथरूमचं सिंक. कपाट उघडलं तर आत आइस्क्रीमचा रिकामा डबा आणि त्यात बोटभर पाणी. पण पावती तर होती, प्लंबरची, तारीख, रक्कम सगळं. एजंटने पावती नीट वाचली तर त्यात लिहिलंय "पहिला मजला, पावडर रूम", म्हणजे इथल्या भाषेत तळमजल्यावरचं छोटं टॉयलेट. म्हणजे प्लंबरने खालच्या धडधाकट सिंकचा पाइप बदलून पैसे घेतले आणि वरचं तसंच गळत राहिलं. आजोबांचे गुडघे दुखतात, ते वर बघायला गेलेच नव्हते. तिथूनच फोटो अटर्नीला, त्याने त्यांच्या अटर्नीला, संध्याकाळपर्यंत साडेतीनशे डॉलरचं क्रेडिट ठरलं, आज सकाळी कागदावर आलं. तीन दिवस वगैरे काही थांबावं लागलं नाही. आजींचा एजंटकरवी निरोप आला की त्यांना फार वाईट वाटलं आणि प्लंबरला त्या स्वतः फोन करणारेत. मला वाटतं प्लंबरचं काही खरं नाही.

साडेतीनला निघालो. अर्ध्या तासाचे दोन तास झाले, त्याचं रिलीज आता पुढच्या आठवड्यात गेलंय, त्याचं खापर माझ्यावर नाही फुटलं.

एक गोष्ट मात्र मी बघूनही सोडून दिली. गॅरेजच्या फळीवर रंगाचे नऊ डबे आहेत, प्रत्येकावर आजींच्या अक्षरात खोलीचं नाव आणि वर्ष. आम्हाला टच-अपला लागतील म्हणून मुद्दाम ठेवलेत म्हणे. एक उघडून बघितला, "किचन १९९६", आत दगड झालाय. शांभवी, कॅट लिटर किती लागतं गं एका डब्याला?

शांभवी_कोलंबस

दगड झालाय ना, मग नाही लागत. झाकण काढून कचऱ्यात. अभिनंदन!!